बुजण्याचं वय

माझी कुत्री हरणी साडेआठ महिन्यांची असताना एका सकाळी सोसायटीच्या फाटकापाशी थांबली ती थांबलीच. वाट रोजचीच, वेळ रोजचीच. एरवी याच फाटकातून ती मला ओढत बाहेर न्यायची. त्या दिवशी कोणीतरी स्कूटरवर निळी ताडपत्री टाकून ठेवली होती आणि वाऱ्यानं तिचा एक कोपरा फडफडत होता. हरणीचं शेपूट पोटाखाली गेलं, पाठीवरचे केस ताठ झाले, चारही पाय तिनं जमिनीत रोवले आणि गळपट्ट्यातून मान मागे सोडवून घेऊ लागली.

"काल तर इथंच बसून माझ्या डब्यातली पोळी खाल्ली हिनं," वॉचमनकाका म्हणाले. "ताई, हिला बाहेरचं काही बाधलं का?"

बाधलं काहीच नव्हतं. ती बुजली होती.

जनावरांच्या भीतीसाठी आपल्या भाषेत फार नेमके शब्द आहेत, कारण ती भाषा पिढ्यानपिढ्या गोठ्यात आणि शेतात बोलली गेली आहे. कुकरची शिट्टी झाली की कुत्रं दचकतं आणि पुढच्या क्षणी परत झोपतं. ते नुसतं दचकणं. अनोळखी माणसानं हात पुढे केला की मान मागे घेतं, ते बिचकणं. बुजणं याच्या पुढचं. बैल बुजतो, घोडा बुजतो, तेव्हा त्याला समोरची वस्तू दिसत असते, ती नेमकी काय आहे हे त्याला कळत नसतं, आणि पाय पुढे टाकायला तो तयार नसतो. पण त्याचं डोकं अजून चालू असतं. भेदरलेल्या जनावराचं डोकं चालत नाही. त्याला हाक ऐकू येत नाही, आवडीचा घास दिसत नाही, फक्त पळायचं असतं. आणि धसका घेतलेलं जनावर ती वस्तू समोर नसतानाही तिची वाट पाहत राहतं. या प्रकरणात जे सांगायचं आहे ते एवढंच: बुजणाऱ्या तरुण कुत्र्याला भेदरू द्यायचं नाही, आणि भेदरलंच तर त्याचा धसका होऊ द्यायचा नाही.

हे बुजणं येतं कुठून, हे समजून घ्यायचं तर पिल्लाच्या पहिल्या तीन महिन्यांकडे जावं लागतं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटाकडे पिल्लाचे डोळे उघडतात, पाठोपाठ कान. तिसऱ्या आठवड्यापासून ते दिसेल त्याच्याकडे लुटूलुटू धावत सुटतं. माणूस असो, मांजर असो, झाडू असो, सगळ्यांशी सारखीच सलगी. मग पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून नव्या गोष्टीसमोर ते जरा थबकायला लागतं. हे थबकणं वाढत जातं आणि बारा ते चौदा आठवड्यांच्या सुमारास पिल्लाच्या मनात ओळखीचं जग आणि परकं जग अशी वाटणी बऱ्यापैकी पक्की होते. या काळात पिल्लाच्या बाबतीत जे घडतं त्याला आपण 'माणसाळणं' म्हणतो. जनावर माणसाशी जुळवून घेतं ते एका ठरावीक वयात, हे त्या शब्दात सांगितलेलं नाही. ते शास्त्रज्ञांना प्रयोग करून शोधावं लागलं.

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बीगल, कॉकर स्पॅनियल, बसेंजी, शेटलंड शीपडॉग आणि फॉक्स टेरियर या पाच जातींच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला; त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. त्याआधी, १९६१ मध्ये, फ्रीडमन, किंग आणि एलियट या तिघांनी एक साधा पण विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला होता. पिल्लं आईसोबत मोठ्या कुंपणाच्या आवारात वाढवली, माणूस त्यांच्या जवळ गेलाच नाही. त्यातली काही दुसऱ्या आठवड्यात, काही तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात अशी आठवड्याभरासाठी माणसांत आणली आणि परत सोडली. चौदा आठवड्यांपर्यंत माणूस ज्यांनी पाहिलाच नव्हता, ती पिल्लं पुढे रानटी जनावरासारखी वागली. पाचव्या ते नवव्या आठवड्यात ज्यांना माणसाचा सहवास मिळाला, त्यांचं माणसाशी सहज जमलं. एका आठवड्याच्या ओळखीनं एवढा फरक पडला.

सैबेरियातल्या नोव्होसिबिर्स्क इथं दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ पासून कोल्ह्यांवर जे काम सुरू केलं, ते याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूनं बघतं. प्रत्येक पिढीतले माणसाला कमी घाबरणारे कोल्हे निवडून त्यांची वीण त्यांनी पुढे नेली. काही पिढ्यांनी जे कोल्हे जन्मले ते कुत्र्यासारखे शेपूट हलवत जवळ येऊ लागले, आणि त्यांच्या पिल्लांमध्ये भीती उशिरा उगवते असं दिसलं. साध्या कोल्ह्याच्या पिल्लाला भीती लवकर शिवते, म्हणून त्याच्याकडे ओळखी करायला दिवस थोडे. मला हा सगळा शोध फार मोलाचा वाटतो, कारण त्यातून कुत्र्याच्या भीतीकडे बघायची नजरच बदलते. भीती हा पिल्लात शिरलेला दोष नव्हे. बिळाबाहेर पडायच्या वयात जे पिल्लू अनोळखी गोष्टीला बुजलं नाही ते रानात जगलं नाही. जे बुजलं त्याचीच संतती आज आपल्या सोफ्यावर झोपते.

आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या आसपास पिल्लू विशेष हळवं असतं, असं पाळणारे आणि शिकवणारे बहुतेक जण सांगतात. नेमकं याच वयात आपण त्याला आईपासून तोडून घरी आणतो आणि लसीसाठी दवाखान्याच्या गार, गुळगुळीत टेबलावर उभं करतो. म्हणून टेबलावर घरची चादर घाला, सुई टोचताना तोंडाशी उकडलेल्या अंड्याचा तुकडा धरा, आणि एखाद्या दिवशी सुई न टोचताच दवाखान्यात नुसतं जाऊन या. लसी पूर्ण व्हायच्या आधी पिल्लाला रस्त्यावर सोडू नये हे खरं आहे. पार्वोचा आजार पिल्लं पटापट मारतो. पण म्हणून तीन महिने घरात कोंडायची गरज नाही. कडेवर घेऊन गॅलरीत, जिन्यात, भाजीवाल्याच्या गाडीपाशी उभं राहता येतं.

हरणीचं हे वय मला दिसलंच नव्हतं, कारण ती डिसेंबरात सोसायटीच्या जनरेटरच्या खोलीमागे जन्मली आणि माणसांच्या पायांतच वाढली. त्यामुळे मी समजून चालले की हिची भीती संपली. मग आली ती निळी ताडपत्री.

साधारण सहा ते चौदा महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे वयात येण्याच्या काळात, अनेक कुत्री पुन्हा एकदा बुजायला लागतात. पहिल्या काळाएवढा प्रयोगांचा भक्कम पाया या दुसऱ्या काळाला नाही आणि तो प्रत्येक कुत्र्यात घड्याळ लावल्यासारखा येत नाही. काहींत दोन आठवडे, काहींत दोन-तीन महिने, काहींत जवळजवळ दिसतच नाही. पण ज्यांनी चार कुत्री वाढवली आहेत त्यांना तो ओळखीचा असतो. काल ज्या पुतळ्याखालून उड्या मारत गेलं, त्याच पुतळ्यावर आज भुंकतं. लिफ्टमध्ये शिरत नाही. छत्री उघडली की कोपऱ्यात जातं. त्यातच या वयात कुत्रं ऐकेनासं होतं, त्यामुळे माणूस भीतीलाही हट्ट समजतो. लूसी आशर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ब्रिटनमध्ये, अंध व्यक्तींना सोबत करण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरित कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांचं असताना पटकन बसणारं कुत्रं आठ महिन्यांचं झाल्यावर स्वतःच्या सांभाळणाऱ्याचं 'बस' ऐकायला जास्त वेळ घेत होतं. परक्या माणसाचं मात्र नीट ऐकत होतं. आपल्या घरातली चौदा-पंधरा वर्षांची मुलं आठवा. हे वय सरतं. ते सरेपर्यंत आपण काय करतो यावर बरंच अवलंबून असतं.

आपल्याकडे या वयाला आणखी एक गोष्ट येऊन भिडते आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आपली गावठी कुत्री साधारणपणे वर्षातून एकदा वितात, आणि बरीच पिल्लं हिवाळ्याच्या सुमारास जन्मतात. आता बोटांवर मोजा. डिसेंबरात जन्मलेलं पिल्लू ऑगस्ट-सप्टेंबरात आठ-नऊ महिन्यांचं होतं. म्हणजे ते बुजायला लागतं तेव्हा पुण्यात नदीकाठी ढोल-ताशांचा सराव ऐन भरात असतो, रस्त्यात मांडवाचे बांबू उभे राहत असतात, वर ताडपत्र्या फडफडत असतात. गणपती जातात न जातात तोच दिवाळी. दहा-अकरा महिन्यांचं, आधीच बावरलेलं कुत्रं आणि दारात फुटणारी माळ. कुत्र्याला साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आपल्याला जेमतेम २०,०००. रस्त्यावरून उचलून आणलेली, मायेनं वाढवलेली कितीतरी कुत्री पहिल्याच दिवाळीत दोरी तोडून पळतात आणि हरवतात. लोक म्हणतात, रस्त्यावरचं होतं ते रस्त्यावर गेलं. मला हे वाक्य ऐकवत नाही.

ताडपत्रीचं काय केलं, ते सांगते.

पहिल्या दिवशी काहीच केलं नाही. वळले आणि मागच्या फाटकानं बाहेर पडले. हा पराभव नसतो, हे मला पुढे पटलं. भीतीवरचं पहिलं औषध अंतर. दुसऱ्या दिवशी मात्र मी घाई केली. ताडपत्रीला खेटून उभी राहिले आणि हातात उकडलेली कोंबडी धरून तिला बोलावलं. ती आली, मागचे पाय जागेवर आणि मान लांबवून, अंग ताणून आली. तुकडा तोंडात घेतला आणि आपण कुठे उभे आहोत हे तिच्या लक्षात आलं. त्याच वेळी वारा आला. पुढचे दोन दिवस घराबाहेर तिनं माझ्या हातून कोंबडी खाल्ली नाही. कोंबडी दिसली की ताडपत्री येणार, असा तिनं हिशोब मांडला होता, आणि तो चुकीचा नव्हता.

क्रम उलटा हवा होता. आधी भीतीची वस्तू, दूरवर, मग घास. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना आधी आवाज आणि मग अन्न मिळायचं, म्हणून आवाजाला अर्थ आला. हाच क्रम भीती उतरवायला कसा वापरायचा हे मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली पीटर नावाच्या लहान मुलाच्या बाबतीत दाखवलं. त्याला सशाची भीती वाटायची. त्याला आवडीचं खाणं खायला बसवायचं आणि पिंजऱ्यातला ससा खोलीत इतका लांब ठेवायचा की त्याचं खाणं थांबणार नाही. मग हळूहळू जवळ. शेवटी तो सशाला हात लावू लागला. शंभर वर्षं झाली, आजही बुजऱ्या कुत्र्याला आपण याहून वेगळं काही करत नाही.

पाचव्या दिवशी मी आणि हरणी वीसेक पावलांवर, एका उभ्या गाडीच्या आडोशाला थांबलो. तिथून तिला ताडपत्री दिसत होती, पण तिचं तोंड मिटलेलं नव्हतं आणि शेपूट खाली असलं तरी पोटात गेलेलं नव्हतं. तिनं ताडपत्रीकडे पाहिलं की नखाएवढा तुकडा. पाहिलं, तुकडा. दोन-तीन मिनिटं, मग घरी. हाक मारायची नाही, बस म्हणायचं नाही, ओढायचं नाही. दोन दिवसांनी तिनं ताडपत्रीकडे पाहिलं आणि आपण होऊन मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हे मान वळवणं म्हणजे सगळं. भीतीची वस्तू दिसली की ताईकडे बघायचं, हे तिच्या डोक्यात बसलं होतं. तेव्हा आम्ही तीन पावलं पुढे गेलो. एका दिवशी वारा जोराचा होता, तेव्हा सहा पावलं मागे आलो. अकराव्या दिवशी तिनं कोपरा हुंगला, शिंकली आणि पुढे निघून गेली.

कुत्रं खातंय की नाही, हे सगळ्यात विश्वासाचं माप. आवडीचा घास नाकारला की समजावं, आपण फार जवळ आलो आहोत. त्याआधीही ते सांगत असतं: ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, तोंड दुसरीकडे करतं, एक पंजा उचलून धरतं, डोळ्याच्या कडेनं पांढरी कोर दिसते. गरम होत नसताना धापा टाकतं. गुरगुरणं यानंतरचं, आणि गुरगुरलं म्हणून कुत्र्याला मारू नये, कारण ते बोलून दाखवतंय. बोलणं बंद केलं तर पुढच्या वेळी सरळ चावेल. एकाच दिवशी लिफ्ट, दवाखाना आणि पाहुण्यांची पोरं असं सगळं आलं तर संध्याकाळी साध्या प्लास्टिकच्या पिशवीलाही ते बुजतं. भीती अंगात साचते आणि उतरायला वेळ घेते. तसा दिवस गेला तर दुसऱ्या दिवशी फिरणं लहान करावं, घरातच हुंगण्याचे खेळ द्यावेत.

आता एक गैरसमज, जो अनेक घरांत ठाण मांडून आहे. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेऊ नका, लाड केले तर भीती वाढते. हे खरं नाही. बसणं, उडी मारणं या कृती आहेत. बक्षीस मिळालं तर त्या वाढतात. भीती ही कृती नाही. फटाक्यांच्या आवाजानं थरथरणाऱ्या लेकराला पोटाशी धरलं म्हणून ते पुढच्या वर्षी जास्त घाबरत नाही. आपल्या गाडीवानांना हे ठाऊक होतं. बुजलेल्या बैलाच्या मानेवर हात ठेवून ते त्याला चुचकारायचे. चुचकारा, गोंजारा, तुमच्या पायांत शिरलं तर शिरू द्या. फक्त आपला आवाज संथ ठेवा आणि कुत्र्याला नको असेल तर मिठीत दाबून धरू नका.

याच्या अगदी उलट सल्ला म्हणजे, एकदा समोर उभं करा, भीती मोडेल. असं करणाऱ्यांना बहुधा एक शांत उभं असलेलं कुत्रं दिसतं आणि ते समाधान मानतात. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात १९६७ साली सेलिगमन आणि मायर यांनी केलेले प्रयोग त्यांनी वाचायला हवेत. काही केलं तरी सुटका होत नाही असे विजेचे झटके ज्या कुत्र्यांना दिले गेले, त्यांतली बरीच नंतर सुटकेची वाट मोकळी असतानाही हलली नाहीत, पडून राहिली. तो प्रयोग क्रूर होता. पण ओढत नेलेलं, साखळीनं आवळलेलं कुत्रं जेव्हा 'शांत' होतं तेव्हा ते बहुतेकदा थिजलेलं असतं, हे त्यातून कळतं.

आवाजाची तयारी ताडपत्रीसारखी दोन आठवड्यांत होत नाही. ढोलाचं, फटाक्यांचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर अगदी हळू, कान टवकारले जातील न जातील इतकंच, जेवणाच्या वेळी लावावं आणि आठवड्यानं एखादी रेघ वाढवावं. प्रत्यक्ष सणात शिकवणं बंद. तेव्हा फक्त जपणं. उजेड असतानाच फिरवून आणायचं, दोरी दुहेरी बांधायची, एक गळपट्ट्याला आणि एक छातीच्या पट्ट्याला, आणि पट्ट्यावर फोन नंबर लिहायचा. घरातली सगळ्यात आतली खोली, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा जोरात, पलंगाखाली जुनी गोधडी. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके वाजवायला सर्वोच्च न्यायालयाची २००५ पासून बंदी आहे. ते शेजाऱ्यांना आधीच, गोडीत सांगून ठेवावं. जे कुत्रं आवाजानं पार भेदरतं त्याला पशुवैद्याचं औषध लागू शकतं, आणि त्यात कमीपणा नाही. पण नुसती गुंगी आणणारं औषध नको. त्यानं अंग सैल पडतं आणि भीती आत तशीच राहते. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की हे भीतीवर आहे की झोपेवर. माणसाची गोळी मनानं कधीही देऊ नका.

आणि एक तपासणी विसरू नका. जिन्याला अचानक बुजणाऱ्या तरुण कुत्र्याचा खुबा दुखत असू शकतो. डोक्याला हात लावू न देणाऱ्याचा कान. दुखणं आणि भीती बाहेरून सारखीच दिसतात. चार-सहा आठवडे अंतर राखून, घास देऊन काहीच उतार पडत नसेल, किंवा कुत्रं चावायला लागलं असेल, तर पशुवैद्याकडे जा आणि मारझोड न करता शिकवणारा माणूस शोधा.

तुमच्या घरातलं पिल्लू हिवाळ्यातलं असेल तर गणपतीची वाट पाहू नका. जुलै लागला की मोबाइलवर ढोल हळू आवाजात लावायला सुरुवात करा, आतली खोली ठरवून तिथं गोधडी घाला, पट्ट्यावर नंबर लिहा. आणि दिवाळीत दार उघडण्याआधी कुत्रं कुठे आहे ते एकदा बघा.